विरळ हवेत दम कुणाचा टिकतो?

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या राम कंपनीनं जाहीर केलं, की त्यांच्या ‘राम १५००’ या पिकअपमध्ये ५.७ लिटरचं ‘हेमी’ व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन परत येणार. त्याच सालच्या मॉडेलमधून ते काढून टाकलं होतं आणि त्याजागी तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बो (हवा दाबून आत भरणारे पंखे) लावलेलं इंजिन आलं होतं. अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांना हा बदल रुचला नव्हता. बातमी आली त्याच आठवड्यात कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला. "मामा, पिकअप बघतोय. कॅम्पर ट्रेलर ओढायचाय. ऑफिसात सगळे म्हणतात व्ही-एटच घे, टर्बो म्हणजे छोट्या इंजिनाला मारून मुटकून मोठं केलेलं. तू काय म्हणतोस?"

मी विचारलं, "ओढून नेणार कुठे?"

"आय-७० नं, डोंगरापलीकडे."

माझं निम्मं उत्तर तिथेच ठरलं.

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण पोटभर मिळायची मारामार असते ती हवेची. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल काय, इंजेक्टर हवं तेवढं सोडेल. हवा मात्र पिस्टन खाली सरकताना जेवढी आत येईल तेवढीच. पाच लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांमध्ये एकदा पाच लिटर हवा ओढतं. ३,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना, साडेसात हजार लिटर झाली. समुद्रसपाटीला या हवेचं वजन नऊ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे मिनिटाला जेमतेम ६०० ग्रॅम पेट्रोल जाळता येतं. लिटर हे आकारमान आहे आणि ताकद मिळते ती वजनातून. माझ्या मते ‘मोठं की टर्बो’ हा सगळा वाद या एका वाक्यात आहे.

आता डेन्व्हरच्या पश्चिमेचा रस्ता बघा. आय-७० महामार्ग रॉकी पर्वतातल्या आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे जातो. बोगद्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर, म्हणजे ३,४०० मीटर उंचावर आहे. तिथल्या उन्हाळी हवेत समुद्रसपाटीच्या मानानं दोन-तृतीयांशच जीव असतो. तेच साडेसात हजार लिटर तिथे सहा किलोच भरतात. बिनटर्बोच्या इंजिनाचे लिटर तेवढेच राहतात, ताकद एक-तृतीयांशानं जाते. आपल्याला हे जाणवत नाही, कारण आपले घाट बुटके आहेत. खंडाळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. बोरघाटात गाडी धापा टाकते ती चढामुळे. लेहला ट्रक नेणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, तो हवेबद्दल सांगेल.

याच कोलोरॅडोत १९१८ साली एक प्रयोग झाला, तो मला फार आवडतो. टर्बोची मूळ कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची, पेटंट १९०५ चं. पहिल्या महायुद्धात विमानं उंचावर जाऊन मंदावत, म्हणून जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर चढवलं आणि १४,००० फुटांहून उंच पाइक्स पीकच्या माथ्यावर नेलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन वर २३० वर आलं. मग टर्बो जोडला आणि काटा गेला ३५६ वर! टर्बोनं तिथे छोटं इंजिन मोठं केलेलं नाही. डोंगरानं हिरावलेली हवा त्याला परत मिळवून दिली.

हे यंत्र एकदा हातात घेऊन बघावं. पुण्यात एका वर्कशॉपमध्ये मिस्त्रींनी खोललेला टर्बो माझ्या हातात दिला होता. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रं, दोन्ही मुठीत मावतील एवढी. एक चक्र ॲल्युमिनियमचं, पातळ आणि वळणदार पात्यांचं. दुसरं काळसर आणि हाताला जड, निकेलच्या मिश्रधातूचं, कारण त्याला लालबुंद तापावं लागतं. दांडा मी बोटानं हलवला तर तो चक्क डुगडुगला. मला वाटलं, झिजला. मिस्त्री म्हणाले, "नाही साहेब, तेल नाहीये ना आत." हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागू द्यायचा नाही, कारण फेरे आहेत मिनिटाला एक लाखाच्या वर.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून वाया जातो. ८००-९०० अंशांचा हा वायू जाता जाता काळं चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं चंदेरी चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून धूर जास्त, म्हणून चक्र आणखी जोरात. याला कुठेतरी आवर घालावा लागतो. त्यासाठी काळ्या चक्राच्या बाजूला एक झडप असते, वेस्टगेट. दाब पुरेसा झाला की ती उघडते आणि उरलेला धूर चक्राला वळसा घालून निघून जातो.

उंचीवरची सगळी गंमत या झडपेत आहे. आत १.८ बार दाब हवा आहे असं धरू. समुद्रसपाटीला बाहेर एक बार असतो, तेव्हा हवा १.८ पट दाबली की झालं. झडप बरीच उघडी, टर्बो आरामात. बोगद्याच्या तोंडाशी बाहेरचा दाब ०.६६ बार. आता तेच १.८ गाठायला २.७ पट दाबावं लागतं. संगणक झडप मिटत नेतो, चक्राला जास्त धूर मिळतो, फेरे वाढतात. आणि बाहेरची हवा विरळ असल्यामुळे धुराला पलीकडे पसरायला मोकळीक मिळते, त्यामुळे काळ्या चक्राला जोर जास्तच मिळतो. ज्या विरळपणानं व्ही-एट दमतो, तोच विरळपणा टर्बोच्या एका बाजूला हात देतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी हातातलं काम टाकून थोडा वेळ नुसता बसून होतो.

यातलं काहीच फुकट नाही. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचा बूड हाताला चटका देतो, तसंच. वीस अंशांची हवा १.८ पट दाबली तर खऱ्याखुऱ्या चक्रातून बाहेर पडताना शंभर अंशांच्या घरात जाते. २.७ पट दाबली तर दीडशेच्या वर. इंटरकूलर ती गार करतो, पण त्यालाही गार करायला तीच विरळ हवा. गरम आणि दाबलेल्या हवेत उरलेलं पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट न बघता आपणच पेटू शकतं. हेच नॉकिंग, आणि त्यानं पिस्टन फुटू शकतो. ते टाळायला संगणक ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे ताकद थोडी सोडतो, आणि गरजेपेक्षा जास्त पेट्रोल शिंपडून सिलिंडर गार ठेवतो. म्हणूनच रिकामी चालवताना चांगलं मायलेज देणारी टर्बो पिकअप ट्रेलर जोडला की व्ही-एटच्याच पंक्तीत येऊन बसते. ‘छोटं इंजिन म्हणून कमी पेट्रोल’ हा प्रचार ट्रेलर ओढणाऱ्यानं मनावर घेऊ नये. चढावर ओझं ओढताना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा म्हणतात, ते मात्र खरं आहे. त्या इंधनात नॉकिंग उशिरा होतं.

मायलेजचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पेट्रोलच्या नळीवर चिकटवायचं चुंबक, डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये खुपसायची ‘पॉवर’ डबी, हे घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं अशी शंभरावर उपकरणं तपासली आहेत, आणि फायदा दाखवणारी अगदी मोजकी निघाली, तीही नाममात्र. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्याला आपण अंधश्रद्ध म्हणतो. लिंबू दहा रुपयांचं असतं, या डब्यांना पन्नास डॉलर मोजणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत.

आता भाच्याचा हिशोब. फोर्ड एफ-१५० च्या २०२१ च्या पिढीत ५ लिटरचा व्ही-एट आणि ३.५ लिटरचा दोन टर्बोंचा इकोबूस्ट, दोन्ही ४०० हॉर्सपॉवरचे. कागदावर बरोबरी. पण व्ही-एटचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ५५६ न्यूटन-मीटर, तोही ४,२५० आरपीएमला. इकोबूस्टचा ६७८, आणि ३,१०० लाच. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, म्हणून जास्त टॉर्कवालं इंजिन तेवढंच काम कमी फेऱ्यांत करतं.

डोंगरापलीकडून परतताना डिलन गावापासून बोगद्यापर्यंत सुमारे आठ मैल चढ आहे, काही ठिकाणी ७ टक्क्यांचा. पिकअप, माणसं आणि ट्रेलर मिळून सहा टन धरा, वेग ताशी ६० मैल. म्हणजे सहा टनांची लिफ्ट दर दीड-पावणेदोन सेकंदाला एक मजला वर न्यायची. नुसत्या चढाला १५० हॉर्सपॉवर. वारा, टायर, गिअरबॉक्समधली घट मिळवली की इंजिनाकडून २६० च्या आसपास लागतात. व्ही-एटकडे त्या हवेत उरलेत साधारण २७०, तेही ६,००० आरपीएमला, पाय तळाला टेकवून. इकोबूस्ट थोडी घट धरूनही साडेतीन हजाराच्या आसपास ते काम उरकतो. व्ही-एट बोगद्यापर्यंत पोचत नाही असं नव्हे. इंजिन एवढं ताणायचं नसेल तर ताशी ४५ मैलांनी, उजव्या, म्हणजे तिथल्या सावकाश जाणाऱ्यांच्या लेनमधून तोही पोचतो.

हाच भाचा ह्यूस्टनला असता तर मी व्ही-एटला नाही म्हटलं नसतं. तिथे हवा भरपूर आहे आणि चढ नाहीत. शिवाय उतारावर मोठ्या इंजिनाचं पारडं जड असतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन ब्रेकचं काम करतं, आणि तेव्हा टर्बो कामाचा नसतो, नुसते लिटर कामाला येतात. भाच्याला मी बजावलं, बोगद्याच्या उतारावर आधीच खालचा गिअर टाक, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. टिकाऊपणाबद्दल मात्र ‘टर्बो म्हणजे बिघाड’ ही समजूत सोडावी. २०२४ मध्ये टोयोटाला टंड्राच्या टर्बो इंजिनासाठी लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या हे खरं. पण पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सला ६.२ लिटरच्या, बिनटर्बोच्या व्ही-एटसाठी त्याहून कितीतरी जास्त बोलवाव्या लागल्या.

मग मी त्याला सांगितलं, की ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्याचा फोटो पाठव. त्यावर मर्यादा होती, माणसं आणि सामान मिळून १,४८० पौंड, म्हणजे ६७१ किलो. हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या सांध्यावर, ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार येतो, आणि तो याच ६७१ मधून वजा होतो. त्यानं पसंत केलेला ट्रेलर भरल्यावर ३,३०० किलोचा, बारा टक्के धरले तरी ४०० किलो गेले. राहिले २७०. चौघं माणसं २१०, हिचचं सामान ३५, आणि मागे दोन सायकली, बर्फाची पेटी, जनरेटर.

फोनवर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, म्हणजे इंजिनाआधी ट्रेलरच बदलायला हवा."

ट्रेलर २,५०० किलोचा ठरला, इंजिन टर्बोचं. ऑगस्टमध्ये परतीच्या वाटेवर, बोगद्याच्या दोन मैल अलीकडे, शेजारी बसलेल्या सूनबाईंनी काढलेला फोटो आला. वेग ६०, काटा ३,२०० वर.