जुन्या कपाटावर नवा रंग का टिकतो, का सुटतो

जुने कपाट, तिपाई किंवा खणांचे टेबल रंगवून, त्यावर नक्षीचा कागद चिकटवून ते पुन्हा वापरात आणण्याची पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. कातरलेली कागदी चित्रे चिकटवून त्यांवर वार्निशचे अनेक हात देण्याच्या कलेला डेकूपाज म्हणतात. अठराव्या शतकातील व्हेनिसमध्ये चिनी आणि जपानी रोगणकामाची स्वस्तातील नक्कल म्हणून ती भरभराटीला आली होती. रंगसंगती आणि नक्षी यांविषयीचे सल्ले मुबलक मिळतात. परंतु काही महिन्यांतच रंगाचे पोपडे का निघतात, पांढऱ्या रंगातून तपकिरी डाग का उमटतात आणि कागदाला सुरकुत्या का पडतात, हे कळण्यासाठी रंगाच्या थराखाली काय घडते ते पाहावे लागते. त्यातील बहुतेक घडामोडींत पाण्याचा हात असतो.

रंग पृष्ठभागाला दोन प्रकारे धरून राहतो. तो सूक्ष्म खाचांत शिरून वाळल्यावर तेथे अडकून बसतो, आणि त्याच्या रेणूंचे पृष्ठभागाच्या रेणूंशी आकर्षणही असते. हे आकर्षण नॅनोमीटरच्या मापाच्या अंतरावरच प्रभावी ठरत असल्यामुळे ओला रंग नीट पसरून पृष्ठभागाला भिडला नाही, तर ते उपयोगाचे नसते. वर्षानुवर्षे वापरलेल्या फर्निचरवर मेण, सिलिकोनयुक्त पॉलिश आणि हातांचे तेल साचलेले असते, आणि नेमके हेच पदार्थ द्रवाला पसरू देत नाहीत. कपाटाच्या दारावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा: तो मण्यासारखा गोल उभा राहिला, तर पाण्यात कालवलेला रंगही तेथे आखडून राहील आणि त्यात जागोजागी खळगे पडतील. म्हणून साबणाच्या पाण्याने धुणे आधी आणि पॉलिश पेपरने घासणे नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. उलट केल्यास घासताना तेच मेण नव्या ओरखड्यांत दाबले जाते.

घासण्याचा हेतू जुना थर मुळापासून काढण्याचा नसतो. चकाकी जाऊन हाताला किंचित खरबरीत लागेल इतपत घासले की पुरते, आणि त्यासाठी 180 ते 220 क्रमांकाचा कागद योग्य असतो (क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक). लॅमिनेट लावलेल्या पृष्ठभागाला छिद्रे नसतात, त्यामुळे तेथे चांगल्या पकडीच्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या अस्तराच्या हातावर) अधिक भिस्त ठेवावी लागते. मात्र वस्तू बरीच जुनी असेल, तर कोरडे घासणे टाळावे. शिशाचा पांढरा रंग एकेकाळी जगभर वापरला जात असे. रंगकामातील त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार 1921 मध्येच झाला, तरी शिसेयुक्त रंग अनेक देशांत पुढे कित्येक दशके विकले गेले. अशा रंगाची धूळ श्वासावाटे आणि हातांवाटे शरीरात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती विशेष घातक ठरते. शंका असल्यास आधी तपासणी करून घ्यावी.

तपकिरी डागांचे कारण लाकडातच असते. ओक, महोगनी यांसारख्या लाकडांत टॅनिन नावाची पाण्यात विरघळणारी द्रव्ये असतात. पाण्यावर आधारित रंग लावताच ती विरघळतात आणि पाणी वर येऊन उडून जाताना त्याच्याबरोबर पृष्ठभागावर पोहोचतात. रंगाचे आणखी दोन हात दिले तरी डाग पुन्हा वर येतो, कारण प्रत्येक हाताबरोबर नवे पाणी मिळते. लाखेपासून केलेला प्रायमर येथे कामी येतो: लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे तिचा पातळ थरही टॅनिनची वाट अडवतो.

सर्वांत गंमतीचा भाग कागदाचा आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. पाणी शोषल्यावर तंतू जाडीला बरेच फुगतात, लांबीला मात्र नाममात्र वाढतात. यंत्रावर कागद तयार होताना बहुतेक तंतू प्रवाहाच्या दिशेला समांतर बसत असल्यामुळे ओला कागद एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी ताणला जातो. 30 सेंटिमीटर रुंदीच्या कागदात केवळ दोन टक्के वाढ झाली, तरी 6 मिलिमीटर जादा कागद कोठे तरी सामावावा लागतो. गोंद लावल्याबरोबर कडा पकडल्या गेल्या आणि मधला भाग अजून वाढतच राहिला, तर तो जादा कागद सुरकुतीच्या रूपाने वर उठतो. यावर साधा उपाय असा, की कागद आधी ओलसर करून काही मिनिटे थांबावे, त्याची वाढ पूर्ण होऊ द्यावी आणि मग तो चिकटवून मधून कडेकडे दाबत न्यावा. वाळताना तो आकसून ताठ बसतो. तंतूंची दिशा ओळखायची असेल, तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करावा. तो नळीसारखा वळतो आणि नळीचा अक्ष तंतूंच्या दिशेला समांतर असतो.

येथे अतिरेकही नको, कारण पाणी तंतूंमधले हायड्रोजन बंध सोडवते आणि चिंब भिजलेल्या साध्या कागदाचे बळ कोरड्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरते. छपाईचा प्रकारही पाहावा. इंकजेटची शाई पुष्कळदा पाण्यात पसरते. लेझर छपाईत प्लॅस्टिकची भुकटी उष्णतेने कागदावर वितळवलेली असल्याने ती पसरत नाही.

चिकटवण्यासाठी वापरला जाणारा पांढरा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म कण. हे बहुलक (पॉलिमर, म्हणजे लहान रेणूंच्या लांब साखळ्यांचा पदार्थ) फ्रिट्झ क्लाटे यांनी 1912 मध्ये शोधले. पाणी उडाले की कण एकमेकांना दाबले जातात आणि एकजीव होऊन पारदर्शक पापुद्रा बनतो. ॲक्रिलिक रंगही याच पद्धतीने वाळतो. थंडीत कण पुरेसे मऊ राहत नाहीत, जुळत नाहीत आणि थर भुसभुशीत होतो. उलट, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट उष्णतेने लवकर मऊ पडते, म्हणून गरम भांडे ठेवण्याच्या जागी डेकूपाज करणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

वरच्या वार्निशपैकी तेलावर आधारित प्रकार पाणी उडून वाळत नाही, तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतो, आणि कालांतराने पिवळा पडतो. पांढऱ्या नक्षीवर पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वार्निश बरे. तेलाच्या वार्निशने भिजलेला कापडाचा बोळा चुरगाळून टाकू नये. ऑक्सिजनशी होणाऱ्या त्याच क्रियेची उष्णता घड्यांत साठून तो आपोआप पेट घेऊ शकतो; तो मोकळा पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून ठेवावा.

हाताला कोरडा लागणारा थर आतून पक्का झालेला असतोच असे नाही. ॲक्रिलिक थराला पूर्ण बळ यायला काही आठवडे लागतात. तोवर दोन रंगवलेले पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले, तर त्यांच्यातील बहुलकाच्या साखळ्या एकमेकांत शिरतात आणि खण चौकटीला चिकटून बसतो. खणाच्या आणि चौकटीच्या एकमेकांवर घासणाऱ्या कडा त्यामुळे मुळातच न रंगवलेल्या बऱ्या.