कूलंटचा काटा शांत, ऑइल मात्र तापलेलं

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांवर गेला की जो तो गाडीच्या टेम्परेचरच्या काट्याकडे बघतो. पण तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. कूलंट ९० अंशांवर निवांत असताना जोरात पळवलेल्या स्पोर्ट्स कारचं ऑइल १३०च्या पुढे गेलेलं असू शकतं.

कारण कूलंट जिथे पोचत नाही, तिथली उष्णता ऑइललाच झेलावी लागते: पिस्टनचा तळ, क्रँकशाफ्टची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) बेअरिंग. फिरता क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकत नाही. मधल्या ऑइलच्या थरावर तो तरंगत असतो आणि हा थर केसापेक्षाही बारीक असतो. ऑइल फार तापलं की पातळ होतं, थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. शिवाय तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

यावरचा उपाय म्हणजे ऑइल कूलर, ऑइलसाठीचा छोटा रेडिएटर. सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर शेजारी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० ही मोटरसायकल थांबली तर इंजिनाच्या पुढ्यात बघा. पातळ पत्र्यांची आडवी जाळी दिसेल, तोच तो. गरम ऑइल त्यातून फिरतं आणि समोरून येणारा वारा उष्णता घेऊन जातो.

आता सोलापूरचं गणित. कूलर किती उष्णता टाकेल, हे ऑइल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. ऑइल १२० अंशांवर आहे असं धरा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे हवा १५ अंश असेल, तर फरक १०५. मे महिन्यातल्या दुपारी तोच ७८. कूलर तोच, वेग तोच, काम मात्र पाव हिश्श्याने कमी! आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की वाराच नाही.

म्हणून मोठा कूलर बसवून मोकळं व्हायचं का? नाही. थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) नसलेला मोठा कूलर मला तरी धोक्याचा वाटतो. थंडीत पुण्याकडे जाणाऱ्या सपाट रस्त्यावर हळू चालवताना ऑइल ७० अंशांवरच रेंगाळतं, त्यात उतरलेला पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही. ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडणारा थर्मोस्टॅट असला की ऑइल आधी तापतं, मगच कूलरकडे वळतं. कूलर बसवून घेताना मेस्त्रीला हे आधी विचारा, आणि ऑइलच्या तापमानाचा वेगळा मीटरही लावून घ्या.