पावसाची ओढ आणि आकाशातली संथ लाट

आषाढात आठवडाभर झड लागते, कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाकडे चढू लागतं आणि मग एकाएकी पाऊस ओढ देतो. तासगावच्या शिवारात कोवळं सोयाबीन दुपारी माना टाकतं. ही उघडीप किती दिवसांची, हा प्रश्न मला हवामानशास्त्रातला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो.

१९७१ साली रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या अमेरिकी संशोधकांना प्रशांत महासागरातल्या कँटन बेटावरून सोडलेल्या हवामान-फुग्यांच्या नोंदींत ४०-५० दिवसांची एक लय सापडली. वारा आणि हवेचा दाब तिच्या तालावर हेलकावत होते. पण एका बेटावरून या लयीमागच्या लाटेचा पसारा कसा कळणार? तो दाखवला उपग्रहांनी.

उपग्रह इथे पाऊस मोजत नाही, पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णता मोजतो. आभाळ मोकळं असेल तर तापलेल्या जमिनीची, समुद्राची ऊब बरीचशी वर निघून जाते. उंच पावसाळी ढगांचे माथे मात्र उणे ६० अंशांपर्यंत गार असतात, तिथून फारच कमी उष्णता निघते. १९७४ पासूनच्या अशा नोंदी आज हाताशी आहेत.

एका दिवसाच्या चित्रातून मात्र काहीच उमगत नाही. द्राक्षबागेतली विहीर आठवा. दिवसा मोटर चालली की पाणी उतरतं, रात्रीत झरे ते भरून काढतात. विहीर खरंच आटतेय का, हे कळायला महिनाभराच्या खुणा लागतात. शास्त्रज्ञही तेच करतात. रोजची चढउतार आणि ऋतूंचा मोठा फेरा गणिताने बाजूला काढला, की मधली ३० ते ६० दिवसांची लय उरते. नकाशावर ती विषुववृत्ताजवळ सरकताना दिसते: हजारो किलोमीटर रुंद ढगाळ पट्टा, मागोमाग कोरडा पट्टा, पूर्वेकडे सेकंदाला साधारण ५ मीटर. म्हणजे सायकलचाच वेग!

पावसाळ्यात हिंदी महासागरावरून ढगांचा असाच एक पट्टा उत्तरेकडेही चढतो, दिवसाला जवळपास १ अक्षांश. सांगली १७ अंशांच्या जरा अलीकडे. म्हणजे विषुववृत्तावर ढग दाटले, की दोन-अडीच आठवड्यांनी आपल्याकडे पावसाची शक्यता वाढते. शक्यताच, कारण वाटेत लाट विरते, अडखळते. शिवाय महाबळेश्वरला झोडपणारे ढग घाट उतरून जतपर्यंत येईतो रिते झालेले असतात.

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो, त्यात या लाटेची चाल धरलेली असते. कोळपणी उरकून युरियाचा हप्ता आत्ता टाकायचा की आठवडाभर थांबायचं, हे ठरवताना तो जरूर पाहावा.