घरचा सर्व्हर आणि राउटरची वही

‘घरी ३०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय, मग होस्टिंगचे पैसे का भरायचे?’ हा प्रश्न हमखास येतो. जुना कॉम्प्युटर साधी वेबसाइट आरामात चालवतो. वेगाकडे नंतर येऊ. खरी अडचण पत्त्याची आहे, म्हणजे इंटरनेटवर कॉम्प्युटर ओळखणाऱ्या आयपी क्रमांकाची.

आयपीव्ही४ या प्रचलित पद्धतीतला पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जागतिक पातळीवर वाटायचा शिल्लक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. त्यामुळे घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. राउटर आतल्या आत १९२.१६८.१.१० असे खासगी पत्ते वाटतो आणि बाहेर एकच पत्ता दाखवतो. या युक्तीचं नाव नॅट. मला ती फार आवडते.

समजा लॅपटॉपने ५१००० या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरची वेगवेगळी संभाषणं ओळखणारा क्रमांक) एका वेबसाइटला विनंती पाठवली. राउटर त्या पॅकेटवरचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यावरचा, पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा लिहितो, पोर्ट बदलून समजा ४०००१ करतो आणि वहीत नोंद ठेवतो: ४०००१ म्हणजे १९२.१६८.१.१०, पोर्ट ५१०००. उत्तर ४०००१ वर आलं की वही बघून उलटा बदल. गंमत म्हणजे टीसीपी या डेटा पोचवण्याच्या पद्धतीत चूक पकडायला एक बेरीज सोबत जाते, तिला चेकसम म्हणतात. तिच्यात आयपी पत्तेही मोजलेले असतात, त्यामुळे पत्ता बदलला की चेकसम चुकतो आणि पॅकेट फेकलं जातं. म्हणून राउटर तोही दुरुस्त करतो. त्यासाठी सगळी बेरीज पुन्हा करावी लागत नाही. एक-पूरक अंकगणितात (बेरजेतून बाहेर पडलेला हातचा शेवटी पुन्हा मिळवायचा) जुनी १६ बिटी संख्या वजा, नवी अधिक, एवढ्यावर भागतं.

आता उलटा प्रवास. बाहेरचा कुणी आपणहून ४४३ या सुरक्षित वेबसाइटच्या पोर्टवर आला, तर वहीत नोंदच नाही. पॅकेट कुणाला द्यायचं हे माहीत नसल्याने राउटर ते टाकून देतो. यावर उपाय पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे आपल्या हाताने केलेली कायमची नोंद. पण इंटरनेट देणाऱ्या पुष्कळ कंपन्या हीच युक्ती स्वतःकडे पुन्हा वापरतात. तुमच्या राउटरच्या वॅन पत्त्याची, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या पत्त्याची, सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांमधली असेल, तर तुम्ही त्या दुसऱ्या नॅटमागे आहात. तिथली वही तुमच्या हातात नाही.

बिझनेस लाइनवर सहसा मिळतो तो स्थिर सार्वजनिक पत्ता, बिघाड दुरुस्तीची लेखी मुदत आणि सर्व्हर चालवायची परवानगी. करारात हे तिन्ही शोधा. ‘स्टॅटिक आयपी घेतला की नेट वेगवान होतं’ हा शुद्ध अपप्रचार आहे. पत्ता स्थिर राहतो, बाकी काही नाही. मेल सर्व्हरही चालवायचा असेल तर रिव्हर्स डीएनएसची (पत्त्यावरून नाव सांगणारी) नोंद कंपनीकडूनच करून घ्यावी लागते.

वेगाचं म्हणाल तर इथे अपलोड मोजायचा, कारण पानं तुमच्या घरातून बाहेर जातात. जीपॉन फायबरमध्येच (एक फायबर अनेक घरांत वाटणारी पद्धत) खाली येणारी क्षमता सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारी सुमारे १.२५, तीही अनेक घरांत वाटलेली. तुमचा अपलोड २० एमबीपीएस असेल तर सेकंदाला २.५ मेगाबाइट. २ मेगाबाइटचं पान दहा जणांनी एकदम मागितलं तर शेवटचा बाइट पोचायला ८ सेकंद. आधी फोटो लहान करा.

आणि हा सर्व्हर घरच्या लॅपटॉप-फोनच्या नेटवर्कवर ठेवू नका, वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच उपकरणांवर आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कवर, ठेवा. यूपीएस घ्याल तेव्हा राउटर आणि फायबरचा डबाही त्याला जोडा. वीज गेल्यावर नुसता सर्व्हर चालू राहून उपयोग नाही.