खासगी बोटीतून महासागर ओलांडताना : संकटे निभावण्याच्या रीतींची पार्श्वभूमी

छोट्या शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडणाऱ्यांची दखल बहुधा दोनच प्रसंगी घेतली जाते : प्रवास सुखरूप पुरा झाला तेव्हा, नाहीतर बोट गमावली तेव्हा. या दोहोंच्या मधे जे घडत असते, म्हणजे डोलकाठी मोडणे, सुकाणू निखळणे, पिण्याचे पाणी नासणे, तळाच्या फळ्यांतून पाणी झिरपू लागणे, दुखापत, आजारपण, ते सगळे वर्णनांच्या कडेला पडून राहते. वास्तविक या प्रवासप्रकाराचा इतिहास त्या मधल्या भागातच अधिक आहे. मोठ्या व्यापारी जहाजावर सुतार असे, शिडे शिवणारा असे, जादा लाकूड आणि कापड ठेवायला जागा असे. खासगी बोटीवर एक-दोन माणसे आणि हाताशी असेल तेवढेच सामान. मोडले ते त्याच माणसांनी, त्याच सामानातून, हलत्या बोटीवर दुरुस्त करायचे, ही अट पहिल्या प्रवासापासून आजवर फारशी बदललेली नाही. बदलली ती बाहेरून मदत मिळण्याची शक्यता, आणि तीही फार उशिरा.

पृथ्वीप्रदक्षिणा एकट्याने पुरी करणारा पहिला दर्यावर्दी जोशुआ स्लोकम. 24 एप्रिल 1895 रोजी तो 'स्प्रे' ही सुमारे 11 मीटर लांबीची बोट घेऊन बोस्टनहून निघाला आणि 27 जून 1898 रोजी न्यूपोर्टला परतला. त्याच्या प्रवासाचा आराखडा पहिल्याच टप्प्यात मोडला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. भूमध्य समुद्र आणि सुएझमार्गे पूर्वेकडे जाण्याचा त्याचा बेत होता. पुढे चाच्यांचा धोका असल्याचे जिब्राल्टरला कळल्यावर त्याने अटलांटिक पुन्हा उलट ओलांडून पश्चिमेकडून जायचे ठरवले. मार्च 1896 मध्ये मॅगेलनची सामुद्रधुनी पार करून तो पॅसिफिकमध्ये पोहोचला, तोच वायव्येकडून आलेल्या वादळाने त्याला दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्न या भूशिराच्या दिशेने मागे रेटले. मुख्य शीड फाटून चिंध्या झाले. सगळी शिडे उतरवून, मागे दोन लांब दोर ओढत ठेवून त्याने बोट वाऱ्यापुढे सोडली, खडकांवर फुटणाऱ्या लाटांमधून रात्र काढली आणि तो पुन्हा त्याच सामुद्रधुनीत शिरला. जो मार्ग एकदा पार केला होता तो त्याने दुसऱ्यांदा, फाटक्या शिडाला ठिगळे लावत पार केला. त्याची हिंमत मोठी होतीच. पण ठरवलेली दिशा आणि वेळापत्रक सोडून देण्याची त्याची तयारी मला त्याहून मोलाची वाटते, कारण पुढच्या अनेक दुर्घटनांत नेमकी तीच उणीव दिसते.

मागे सोडलेल्या त्या दोन दोरांवर पुढे जवळजवळ शतकभर वाद चालला. वादळात छोट्या बोटीला दोन भये असतात. लाटेच्या उतारावरून ती इतक्या वेगाने घसरते की नाळ (बोटीचे पुढचे टोक) पाण्यात घुसून मागची बाजू डोक्यावरून उलटते; किंवा ती लाटेला आडवी होते आणि कुशीवर लोळते. जॉन व्हॉस याने 1901 ते 1904 या काळात 'टिलिकम' नावाच्या, एका झाडाच्या खोडातून कोरलेल्या होडीतून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून इंग्लंडपर्यंत प्रवास केला. नाळेवरून कापडी समुद्री नांगर (तळाला न टेकता पाण्यातच ओढ धरणारे कापड) टाकून बोटीचे तोंड लाटेकडे धरून ठेवावे, असा त्याचा आग्रह होता. व्हितो दुमासने 1942–43 मध्ये दक्षिणेकडची केप ऑफ गुड होप, लीविन आणि केप हॉर्न ही तिन्ही भूशिरे एकट्याने वळसा घालून पार केली, ती मात्र शिडे ठेवून आणि वेग राखून. 1965–66 मध्ये ताहितीच्या परिसरातून केप हॉर्नमार्गे स्पेनला जाताना बर्नार्ड मोइतेसिएने मागे सोडलेले जड दोर बोटीला जखडून ठेवताहेत हे ओळखून ते भर वादळात कापून टाकले आणि बोट लाटांना किंचित तिरकी धरून धावू दिली. दोन्ही बाजूंचे अनुभव खरे होते. स्लोकमची जड, रुंद बोट आणि मोइतेसिएची पोलादी बोट यांना एकच उपाय लागू पडेल असे मानण्यात मूळ चूक होती. अमेरिकी विमान-अभियंता डोनाल्ड जॉर्डन याने 1979 नंतर या प्रश्नाकडे प्रयोगांच्या अंगाने पाहिले. एका लांब दोरावर शंभराहून अधिक छोटे कापडी शंकू ओवून तो दोर बोटीच्या मागच्या बाजूने सोडायचा, ही त्याची रचना. त्यातले काही शंकू लाटेच्या फेसाळ माथ्यात सापडले तरी उरलेले खोल पाण्यात ओढ धरून राहतात, त्यामुळे झटका न बसता बोट आवरली जाते. आज दक्षिण महासागरात जाणाऱ्या अनेक बोटींवर तो असतो.

मोडलेली बोट किती सहन करू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण 1957 चे आहे. माइल्स आणि बेरिल स्मीटन हे दांपत्य आणि त्यांचा तरुण सोबती जॉन गझवेल 'त्सू हांग' या 46 फुटी बोटीतून मेलबर्नहून केप हॉर्नकडे निघाले होते. 14 फेब्रुवारी रोजी, भूशिरापासून सुमारे हजार मैल अलीकडे, बोट एका प्रचंड लाटेवर नाळेवरून उलटली. सुकाणूवर असलेल्या बेरिल समुद्रात फेकल्या गेल्या आणि जखमी अवस्थेत पोहत बोटीशी आल्या. दोन्ही डोलकाठ्या गेल्या, सुकाणू गेले, डेकवरची केबिन मुळापासून उखडून तिथे भले मोठे भोक पडले आणि आत पाणी भरले. तिघांनी आधी ते भोक आतल्या फळ्या आणि शिडाच्या कापडाने झाकले, मग कित्येक तास बादल्यांनी पाणी उपसले. गझवेल सुतारकामात तरबेज होता. त्याने हाताशी आलेल्या लाकडातून कामचलाऊ डोलकाठी आणि सुकाणूच्या जागी मोठे वल्हे तयार केले. कोणालाही संदेश न देता, कोणाच्या मदतीविना, ते मार्चमध्ये चिलीच्या कोरोनेल बंदराला लागले. त्यांनी ठरवलेला कामांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : आधी पाणी आत येणे थांबवणे, मग आतले पाणी काढणे, मग माणसांना ऊब आणि अन्न, आणि त्यानंतरच डोलकाठी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्मीटन दांपत्य दोघेच पुन्हा निघाले आणि बोट पुन्हा लोळली. या खेपेसही ते स्वतःच्या बळावर किनाऱ्याला लागले. केप हॉर्नला त्यांनी अखेर वळसा घातला तो 1968 मध्ये.

1968 हेच वर्ष 'गोल्डन ग्लोब' या शर्यतीचे. कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. नऊ जण निघाले आणि एकानेच ती पुरी केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याची 'सुहेली' ही 32 फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली होती. 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969 असे 312 दिवस तो समुद्रात होता, आणि त्या दिवसांची नोंद म्हणजे जवळजवळ सलग दुरुस्तीची नोंद आहे. अटलांटिकमध्येच तळकण्यालगतच्या जोडांतून पाणी येऊ लागले. त्याने बुडी मारून, श्वास रोखता येईल तेवढ्याच वेळात, फटीवर कापडाची पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा बसवला. मध्येच शार्क आला तेव्हा काम थांबवावे लागले. पुढे पिण्याच्या पाण्याच्या टाक्या दूषित झाल्या, तेव्हा तो पावसाच्या पाण्यावर राहिला. रेडिओ बंद पडला. ऑस्ट्रेलियाजवळ स्वयंचलित सुकाणू कायमचे मोडले, तेव्हा शिडांचाच असा तोल साधला की सुकाणूला हात न लावताही बोट दिशा धरून राहावी. बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रातील एक बारीक फट मोजायला मापक नव्हते, तर एका इंचात पुस्तकाची किती पाने बसतात ते मोजून त्याने हव्या त्या जाडीची पाने त्या फटीत घातली. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. अडलेल्या कामाचे मूळ काय आहे हे ज्याला समजलेले असते, त्याला पर्यायी साधन सापडते; नेमके साधन असूनही काम न कळणारा अडून राहतो.

त्याच शर्यतीने आणखी एक बाजू दाखवली. नायजेल टेटली याची बोट परतीच्या वाटेवर, अझोर्सच्या आसपास, मे 1969 मध्ये फुटून बुडाली. प्रतिस्पर्धी जवळ येत असल्याच्या बातमीमुळे तो जीर्ण झालेली बोट जोराने हाकत होता. तो प्रतिस्पर्धी म्हणजे डोनाल्ड क्रोहर्स्ट, आणि तो अटलांटिकच्या बाहेर कधी गेलाच नव्हता. बोट गळत होती, अपुऱ्या तयारीने निघावे लागले होते, आणि शर्यत सोडली तर कर्जामुळे सर्वस्व जाण्याची वेळ होती. माघार घेता येईना आणि पुढे जाता येईना अशा कोंडीत त्याने खोटी स्थाने कळवली आणि शेवटी तो समुद्रात नाहीसा झाला. बोट जुलै 1969 मध्ये रिकामी सापडली. त्याची हकिगत फसवणुकीची म्हणून सांगितली जाते. मला ती परतीचा दरवाजा निघण्यापूर्वीच बंद करून घेतलेल्या माणसाची वाटते, आणि पैशांचे करारही दोर-शिडांइतकेच प्रवासाच्या तयारीत मोडतात हे तिच्यातून उघड दिसते.

बोटच गेली तर काय, या प्रश्नाचे उत्तर सत्तरच्या दशकाने दिले. जून 1972 मध्ये गॅलापागोसच्या पश्चिमेला ऑर्का (किलर व्हेल) या प्राण्यांच्या धडकेने रॉबर्टसन कुटुंबाची बोट बुडाली. मुलांसह सहा जण 38 दिवसांनी जपानी मच्छीमार बोटीला सापडले. मार्च 1973 मध्ये मॉरिस आणि मॅरलिन बेली यांची बोट व्हेलच्या आघाताने बुडाली. त्यांनी संदेश पाठवणारा रेडिओ मुद्दाम घेतलेला नव्हता. सेफ्टी पिनांचे गळ करून मासे धरत ते सुमारे चार महिने तराफ्यावर तरंगत राहिले. कितीतरी जहाजे त्यांना न पाहता निघून गेली, आणि जूनअखेरीस कोरियन मच्छीमारांनी त्यांना उचलले. 1982 मध्ये स्टीव्हन कॅलहन 76 दिवस अटलांटिकमध्ये तराफ्यावर होता. तराफ्याला पडलेले एक भोक बुजवायला त्याला सुमारे दहा दिवस लागले. ठिगळ बसायचे, निसटायचे, पुन्हा बसवायचे. त्याच्याजवळ संकटसंदेश पाठवणारे छोटे यंत्र होते, पण ते विमानांच्या तरंगलांबीवर चालणारे होते आणि त्याचा संदेश कोणापर्यंत पोहोचला नाही.

या हकिगतींमुळे तराफ्याची प्रतिष्ठा वाढली, आणि 1979 च्या फास्टनेट शर्यतीने तिला मर्यादा घातली. ऑगस्टच्या त्या रात्री 303 बोटींना वादळाने गाठले आणि 15 स्पर्धक मृत्युमुखी पडले. सोडून दिलेल्या 24 बोटींपैकी पाचच बुडाल्या. उरलेल्या नंतर तरंगताना सापडल्या, तर तराफ्यांशी निगडित घटनांत माणसे दगावली. बोट पायाखालून जात असेल तेव्हाच तराफ्यात पाऊल टाकावे, हा नियम तेव्हापासून खलाशांच्या शिकवणीत पक्का झाला. आतून उद्ध्वस्त झालेली, पाण्याने भरलेली, अंधारी बोट माणसाला बुडतेय असेच वाटते. ती बहुतेक वेळा बुडत नसते.

बाहेरच्या मदतीचे चित्र पालटले ते उपग्रहांमुळे. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या, उपग्रहांद्वारे संकटसंदेश टिपणाऱ्या कोस्पास-सारसॅट यंत्रणेने 1982 मध्ये पहिल्यांदा माणसांचे जीव वाचवले. संकटसंदेश पाठवणाऱ्या जुन्या 121.5 मेगाहर्ट्झच्या यंत्रांना एक मोठी अडचण होती : यंत्र आणि जमिनीवरचे केंद्र दोन्ही एकाच वेळी उपग्रहाच्या टप्प्यात यावे लागत, त्यामुळे भर महासागरात त्यांचा उपयोग बेताचाच. 406 मेगाहर्ट्झच्या यंत्रांचा संदेश उपग्रह साठवून ठेवू शकतो, आणि त्यात बोटीची ओळखही असते. जानेवारी 1997 मध्ये टोनी बुलिमोर दक्षिण महासागरात उलट्या बोटीच्या पोटात काही दिवस काढून ऑस्ट्रेलियाच्या नौदलाला जिवंत सापडला, तो अशा यंत्रांच्या जोरावर. अशा मोहिमांना किती खर्च येतो आणि इतर माणसांचा जीव किती धोक्यात येतो, यावर तेव्हापासून गंभीर चर्चा होत आली आहे, आणि ती व्हायलाच हवी.

मात्र मदत येऊ लागली म्हणून दुरुस्तीची विद्या मागे पडली नाही. 2000–01 च्या व्हांदे ग्लोब या एकट्याने न थांबता करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत, जिथे बाहेरची मदत घेतली की स्पर्धक बाद होतो, ईव्ह पार्लिए याची कार्बनची डोलकाठी मोडली. न्यूझीलंडच्या स्टुअर्ट बेटाजवळ नांगर टाकून त्याने एकट्याने तिचे तुकडे सांधले, जोडातील रेझिन आळावे म्हणून दिव्यांच्या बल्बांची उष्णता वापरली, अन्न कमी पडल्यावर समुद्रशैवाल खाल्ले आणि 126 दिवसांनी शर्यत पुरी केली. 2018 मध्ये जुन्याच पद्धतीने पुन्हा झालेल्या गोल्डन ग्लोबमध्ये दोन्ही गोष्टी एकाच वादळात दिसल्या. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांची बोट लोळून डोलकाठी मोडली आणि पाठीच्या दुखापतीमुळे त्यांना उठताही येईना. फ्रान्सच्या 'ओसिरिस' या गस्ती जहाजाने त्यांना सोडवले. त्याच वादळात डोलकाठी गमावलेला आयरिश स्पर्धक ग्रेगर मकगकिन कामचलाऊ शीड उभारून त्यांच्याच दिशेने येत होता. टॉमी 2022 च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि 2023 मध्ये दुसरे आले.

2020 पासून इबेरियाच्या किनाऱ्यालगत, विशेषतः जिब्राल्टरच्या परिसरात, ऑर्का शिडाच्या बोटींची सुकाणूच मोडू लागल्या आहेत आणि काही बोटी त्यात बुडाल्याही आहेत. त्यामुळे सुकाणूविना बोट कशी हाकावी, हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. मागे एक ओढ धरणारा कापडी शंकू सोडायचा, त्याचा दोर दोन्ही बाजूंच्या दोरांनी आळीपाळीने खेचायचा आणि बोट वळवायची, ही त्यातली एक चालणारी रीत. खुल्या समुद्रातील शर्यतींसाठी वर्ल्ड सेलिंग या संस्थेने घातलेल्या सुरक्षानियमांत सुकाणूविना बोट हाकण्याची किमान एक रीत त्याच बोटीवर प्रत्यक्ष करून पाहिलेली असावी, अशी अट आहे. खासगी प्रवाशांवर तिचे बंधन नाही, तरीही बंदर सोडण्यापूर्वी ती प्रत्येकाने पाळावी असे मला वाटते.