क्रॉस-कंट्री स्कीइंग: ऑलिम्पिकसाठीचे ते 300 पॉइंट्स म्हणजे काय, आणि पोरं नेमकी कुठे अडकतात

हिवाळी ऑलिम्पिक झालं की पुढचे काही महिने मला क्रॉस-कंट्रीबद्दल, म्हणजे स्की घालून बर्फावर लांब अंतर कापायच्या शर्यतींबद्दल, मेसेज येत राहतात. स्केटिंग करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचे, गुलमर्गला आर्मीचं ट्रेनिंग झालेल्या पोरांचे, युरोपात राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातले, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की ताई, क्रॉस-कंट्रीला म्हणे फक्त 300 पॉइंट्स लागतात, मग फॉर्म कुठे भरायचा आणि 300 जमवायला किती दिवस लागतात?

यात दोन चुका आहेत आणि दोन्ही महागात पडतात. एक म्हणजे फॉर्म नसतोच. खेळाडूला स्वतःला कुठेही अर्ज करता येत नाही, शर्यतीची एन्ट्री राष्ट्रीय महासंघ पाठवतो आणि ऑलिम्पिकची एन्ट्री देशाची ऑलिम्पिक संघटना पाठवते. दुसरं म्हणजे 300 जमवायचे नसतात, 300 च्या खाली यायचं असतं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे, म्हणजे एफआयएसचे पॉइंट्स जितके कमी तितकं चांगलं, जगातल्या सगळ्यात भारी माणसाचे शून्याच्या आसपास असतात.

नियम थोडक्यात असा. 2026 च्या मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकला क्रॉस-कंट्रीच्या एकूण जागा 296, पुरुष 148 आणि महिला 148. ज्या देशाकडे 300 च्या आतला पुरुष खेळाडू आहे त्याला पुरुषांची एक आणि 300 च्या आतली महिला आहे त्याला महिलांची एक अशी मूळ जागा मिळते, उरलेल्या जागा मोठ्या संघांच्या क्रमवारीप्रमाणे वाटतात, आणि कुठल्याही देशाला एका शर्यतीत चारच माणसं उतरवता येतात. आपली ही पोरं अशाच एकेका जागेवर गेली, 2010 ला ताशी लुंडुप, 2014 ला नदीम इक्बाल, 2018 ला जगदीश सिंग. या जागेवर गेलेल्याला फक्त छोटी अंतराची शर्यत आणि स्प्रिंट, म्हणजे अगदी कमी अंतराची वेगाची शर्यत, मिळते, 50 किलोमीटर नाही. आधी पुरुषांची ती छोटी शर्यत 15 ची होती, 2026 पासून पुरुष-महिला दोघांनाही 10 किलोमीटर. 2030 च्या फ्रेंच आल्प्स ऑलिम्पिकच्या नियमांचे कागद येतील तेव्हा ते पहिल्या पानापासून वाचा, जुन्यावर जाऊ नका.

आता खरी अडचण, ते पॉइंट्स पडतात कसे. प्रत्येक शर्यतीत विजेत्याच्या वेळेशी तुमची वेळ तोलतात. तुमची वेळ भागिले विजेत्याची वेळ, गुणिले एक ठरलेला आकडा, आणि त्यातून तोच आकडा वजा. एकेक जण सुटतो त्या इंटरव्हल स्टार्टला हा आकडा 800 आहे, स्प्रिंटला 1200 आणि सगळे एकदम सुटतात त्या मास स्टार्टला 1400. ही ओळ कुणी वाचत नाही. समजा विजेत्याला 25 मिनिटं लागली आणि तुम्हाला 32. इंटरव्हल स्टार्ट असेल तर 224 पॉइंट्स होतात. तोच मार्ग, तीच वेळ, तेवढेच दमलात, पण शर्यत मास स्टार्ट असेल तर 392. म्हणजे काम संपलं.

एका मुलाबरोबर मी रिझल्टच्या कागदासमोर उभी होते, बोटं थंडीनं इतकी आखडलेली की मोबाइलवर आकडे उमटत नव्हते, त्यानं तीनदा गणित केलं आणि तिन्ही वेळा साडेतीनशेच्या वरच आलं. आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ त्यानं त्या दिवशी काढली होती. पण एन्ट्री स्वस्त होती आणि गाव विमानतळाजवळ होतं म्हणून मास स्टार्ट निवडली होती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या महासंघात हे सांगायचं काम कुणाचं आहे हे मला अजून कळलेलं नाही, आणि याचा मला राग येतो, कारण एवढी एक ओळ सांगायला पैसे पडत नाहीत.

वरच्या हिशोबात अजून पेनल्टी मिळवायची असते. शर्यतीतल्या पहिल्या पाच जणांपैकी ज्या तिघांचे एफआयएसच्या यादीतले आधीचे पॉइंट्स सगळ्यात कमी, त्यांची बेरीज भागिले 3.75. त्या तिघांचे 70, 80, 90 असतील तर 64 ची पेनल्टी, म्हणजे वरचे 224 धरून तुमचे 288. म्हणून शर्यत निवडताना स्टार्ट लिस्ट, म्हणजे कोण कोण उतरणार ती यादी, बघायची. पहिले पाच फार कच्चे असतील तर पेनल्टी चढते, फार तगडे असतील तर विजेता इतका पुढे निघून जातो की 224 चे चारशे होतात.

बरं, एक शर्यत चांगली झाली म्हणजे झालं असंही नाही. यादीत गेल्या बारा महिन्यांतल्या सगळ्यात चांगल्या पाच निकालांची सरासरी धरतात, पाचपेक्षा कमी निकाल असले की सरासरी वाढवून लावतात, चार निकालांना 1.1 नं गुणून आणि तीनला 1.2 नं. तुमची सरासरी 260 असेल तर चार निकालांवर 286 होतात, तीनवर 312. म्हणजे एका न धावलेल्या शर्यतीमुळे माणूस घरी राहतो. शर्यत अर्धवट सोडली तर निकालच नाही. लॅप होऊन, म्हणजे पुढच्यानं एक फेरी जास्त मारून गाठल्यामुळे, बाहेर काढलं तर वेळच नोंदली जात नाही. म्हणून पाचच्या जागी आठ-दहा शर्यतींचं नियोजन करा, सर्दी-ताप, न पोचलेली बॅग आणि वादळानं रद्द झालेली शर्यत यांची जागा त्यात धरूनच. आणि डिस्टन्स, म्हणजे लांब अंतराच्या शर्यती, आणि स्प्रिंट यांची यादी वेगळी असते, स्प्रिंटचे निकाल डिस्टन्सच्या यादीत धरत नाहीत.

कागदपत्रांत पासपोर्ट, महासंघाकडून मिळणारा एफआयएस कोड (खेळाडूचा नोंदणी क्रमांक) आणि खेळाडूनं सही केलेलं एफआयएसचं डिक्लरेशन. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची सही लागते, ती शाळेच्या फॉर्मसारखी घाईत करू नका, त्यात डोपिंगच्या नियमांपासून अपघाताच्या जबाबदारीपर्यंत सगळं असतं. एफआयएसचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं, त्यामुळे कोड दरवर्षी चालू करून घ्यायचा. नोव्हेंबरमध्ये आठवण आली तर उशीर झाला.

नावाची भानगड मात्र सगळ्यांना रडवते. लडाख-हिमाचलच्या कितीतरी मुलांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामीच असते, महासंघाच्या कागदावर वडिलांचं नाव आडनाव म्हणून चिकटवलेलं असतं आणि हॉटेल बुकिंगला तिसरंच स्पेलिंग. आपल्याकडेही मधलं नाव कधी आहे कधी नाही. पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं अक्षर न् अक्षर सगळीकडे लावा, आणि कोड मिळाला की एफआयएसच्या साइटवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी नाव आणि जन्मतारीख बघा.

आणि व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा नियम कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस. ऑक्टोबरला फिनलंड-स्वीडनला सरावाला गेलात आणि दोन महिने राहिलात तर जानेवारीत, जेव्हा पॉइंट्स सगळ्यात जास्त लागतात, तेव्हा हातात जेमतेम महिनाभराचे दिवस उरतात. तुर्कस्तान, बॉस्निया शेंगेनबाहेर आहेत, तिथल्या शर्यती यासाठीही बघा. आयोजकांचं निमंत्रणपत्र लवकर मागून ठेवा.

महासंघाची आणि देशाच्या ऑलिम्पिक संघटनेची मान्यता चालू आहे का तेही तपासा. 2014 च्या सोची ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला आपले खेळाडू तिरंग्याशिवाय चालले, कारण भारतीय ऑलिम्पिक संघटना तेव्हा निलंबित होती. नदीमच्या शर्यतीच्या काही दिवस आधी निलंबन उठलं. त्या मुलांची यात काय चूक होती?

सगळ्यात जास्त वाईट मला याचं वाटतं की ही जागा देशाची असते, खेळाडूची नाही. देशात तिघं 300 च्या आत आले तरी जाणार एकच, आणि तो कोण हे महासंघ ठरवतो. म्हणून निवडीचा नियम सीझनच्या सुरुवातीला लेखी मागून घ्या. यादीतला सगळ्यात कमी पॉइंट्सवाला जाणार की राष्ट्रीय स्पर्धेतला विजेता जाणार, हे जानेवारीत कळून उपयोग नाही.

काही लोक म्हणतात की नॉर्वेचा पाचव्या नंबरचा माणूस घरी बसतो आणि शेवटून तिसरा येणारा ऑलिम्पिकला जातो, हा कुठला न्याय. मला हा न्याय वाटतो. नॉर्वेत मूल चालायला लागलं की स्कीवर उभं राहतं. चारची मर्यादा नसती तर पहिले दहा एकाच देशाचे दिसले असते, आणि मूळ जागा नसती तर आपल्यासारख्या देशांत हा खेळ सुरूच झाला नसता. पण 300 ची अटही हवी. 2017 ला फिनलंडमधल्या लाहतीच्या जागतिक स्पर्धेत व्हेनेझुएलाचा आद्रियान सोलानो बर्फावरच्या सरावाशिवाय पात्रता फेरीत उतरला आणि पुन्हा पुन्हा पडला, जगभर त्याचे व्हिडिओ फिरले. कुठल्याही पोरावर ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता तारीख. मुदत म्हणजे अर्जाची तारीख नाही, शेवटचा निकाल लागायची तारीख. ती जानेवारीच्या मध्यात-शेवटी येते, 2018 साठी 21 जानेवारी होती. टोंगा या बेटांच्या देशाचा पिता तौफातोफुआ नावाचा खेळाडू रोलर स्कीवर, म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या चाकांच्या स्कीवर, बरेच निकाल मिळवून बसला होता, बर्फावरचा मात्र राहिला होता. शेवटी तो वादळात, हिमस्खलनानं बंद पडणाऱ्या रस्त्यांवरून आइसलँडच्या इसाफ्योर्दुरला पोचला आणि 20 जानेवारीला त्यानं तो निकाल काढला. प्याँगचांगला 15 किलोमीटरमध्ये तो 116 जणांत 114 वा आला. त्याचं कौतुक करा, पण त्याच्यासारखं शेवटच्या वीकेंडवर राहू नका, डिसेंबर संपायच्या आत पाच निकाल हातात पाहिजेत.

आणि मुदत संपल्यावरही फोन बंद करू नका. काही देश आपल्या जागा परत करतात, त्या पुढच्यांना मिळतात आणि उत्तर द्यायला फार थोडा वेळ असतो, तेव्हा पासपोर्ट वकिलातीत अडकलेला नसावा.