काकडीला पाणी सुटतं तेव्हा

खमंग काकडीसाठी आजी काकडी किसत नसे, चोचवत असे. सोललेली काकडी हातात उभी धरायची, सुरीनं तिच्यावर बारीक बारीक घाव घालायचे आणि मग वरचा थर परातीत उतरवायचा. वर मीठ भुरभुरवून थोडा वेळ झाकून ठेवलं की तळाशी चांगलं वाटीभर पाणी जमायचं. काकडी पिळून ते पाणी वेगळं काढायचं, पण फेकायचं नाही. थालीपिठाची भाजणी त्यातच भिजायची.

मिठानं पाणी सुटतं हे घराघरांत ठाऊक असतं. का सुटतं असं विचारलं की शाळेतली मुलं ‘परासरण’ हा शब्द सांगतात आणि विषय मिटतो. मला वाटतं, तो तिथून सुरू व्हायला हवा, कारण या वाटीभर पाण्यात पेशीविज्ञानाचा निम्मा पाया आहे.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. ते नुसतं साठलेलं नसतं, असंख्य पेशींमध्ये वाटलेलं असतं. प्रत्येक पेशीत रिक्तिका नावाची एक मोठी पाण्याची पिशवी असते. पेशीची बहुतेक जागा तीच व्यापते. ती आतून दाबते, बाहेरून पेशीभित्तिका तिला थोपवून धरते. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो. ताजी काकडी करकर वाजते ती या दाबामुळे. मलूल पडलेली कोथिंबिरीची जुडी देठाकडून पाण्यात उभी ठेवली की तासाभरात तरतरीत होते, तेव्हाही हाच दाब परत आलेला असतो.

आता मीठ. काकडी चिरताना काही पेशी फुटतात, त्यांचं पाणी लगेच बाहेर येतं. पण पुढे बराच वेळ पाणी सुटत राहतं ते न फुटलेल्या पेशींमधून. ‘मीठ पाणी ओढून घेतं’ असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. पाण्याचे रेणू पेशीच्या आतून बाहेर आणि बाहेरून आत सतत ये-जा करतच असतात. बाहेर खारट पाणी असलं की त्यात पाण्याचं स्वतःचं प्रमाण कमी होतं, त्यामुळे बाहेरून आत शिरणारे रेणू घटतात. आतून बाहेर पडणारे मात्र पूर्वीइतकेच पडत राहतात. या दोन रहदारींमधला फरक म्हणजे आपल्या परातीतलं पाणी.

पण यात एक अट लपलेली आहे. मध्ये असा पडदा हवा, जो पाण्याला जाऊ देईल आणि मिठाला अडवेल. मीठही बिनधास्त आत शिरलं असतं, तर दोन्ही बाजू सारख्याच खारट झाल्या असत्या आणि पाणी कुठेच गेलं नसतं. तेव्हा खरा प्रश्न मिठाचा नाही, पडद्याचा आहे. पाठ्यपुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. इथे नुसतं पटल म्हणू.

हे पटल इतकं पातळ असतं की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याची जाडी दिसूच शकत नाही. ती सुमारे ५ नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी वीस हजार पटलं एकावर एक मावतील. मग ते कशाचं आणि कसं बनलंय हे कळलं कसं? १९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे एव्हर्ट गोर्टर आणि एफ. ग्रेंडेल यांनी यासाठी रक्त घेतलं: माणसाचं, कुत्र्याचं, मेंढीचं, सशाचं. निवड फार हुशारीची होती. सस्तन प्राण्यांच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आत दुसरी कुठलीही पटलं नसतात. म्हणजे या पेशीतून जेवढा मेद निघेल, तो सगळा बाहेरच्या पटलाचाच. त्यांनी अ‍ॅसिटोननं तो मेद वेगळा काढला, पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा तवंग होईल असा पसरवला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरलं. दुप्पट, याचा अर्थ पटलात मेदाचे दोन थर असणार.

या प्रयोगाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढे उघड झाली. अ‍ॅसिटोननं सगळा मेद निघालाच नव्हता, आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी खऱ्यापेक्षा कमी धरला होता. दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं. निष्कर्ष टिकला तो नंतर वेगवेगळ्या मार्गांनी पुन्हा पुन्हा तपासला गेला म्हणून.

दोनच थर का, याचं उत्तर रेणूच्या घडणीत आहे. पटलातला फॉस्फोलिपिडचा रेणू म्हणजे एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, तेलकट शेपट्यांना ते नको असतं. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की शेपट्या आत लपवून आणि डोकी दोन्हीकडे पाण्याला टेकवून ते आपोआप दुहेरी चादर तयार करतात. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड आयन विद्युतभारित असतात. मधल्या तेलकट पट्ट्यातून त्यांना जवळजवळ जाताच येत नाही. पाण्याचा रेणू लहान आणि भाररहित, तो हळूहळू निसटतो.

पटल शाबूत असणं म्हणजे काय हे घरी बघता येतं. बिटाचे सारखे तुकडे करा आणि रंग येणं थांबेपर्यंत गार पाण्यानं धुवा. निम्मे गार पाण्याच्या पेल्यात टाका, निम्मे कढत पाण्याच्या. गार पाणी जेमतेम गुलाबी होईल, कढत पाणी पाहता पाहता लालभडक. बिटाचा रंग रिक्तिकेत कोंडलेला असतो आणि बाहेर यायला त्याला रिक्तिकेचं आणि पेशीचं अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. उष्णतेनं पटलातली प्रथिनं उसवतात, मेदाचे थर ढिले होतात आणि दारं सताड उघडतात. बर्फाच्या कप्प्यात गोठवून काढलेली काकडी लिबलिबीत का होते, तेही यातच आलं. तिथे बर्फाचे स्फटिक पटलं फाडतात.

मघाशी म्हटलं की पाणी पटलातून हळूहळू निसटतं. काही पेशींना हा वेग पुरत नाही. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. लघवीवाटे जातं ते दीड-दोन लिटर. एवढी उलाढाल नुसत्या झिरपण्यावर चालेल? अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्र यांना तांबड्या पेशींमध्ये एक अनोळखी प्रथिन सापडलं होतं. ते पाण्याची वाट असेल का, हे पाहण्यासाठी त्यांच्या गटानं बेडकाची अंडी वापरली. ही अंडी गोड्या पाण्यातही फारशी फुगत नाहीत. पण हे प्रथिन बनवायला लावलेली अंडी पातळ द्रावणात टाकताच फुगत गेली आणि फुटली. १९९२ साली हे प्रसिद्ध झालं, आणि २००३ साली अ‍ॅग्र यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या प्रथिनांना आज अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. अशा एका वाटेतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू एकामागोमाग एक रांगेत जातात.

पाण्यासाठी वाट आहे, पण पाण्याला ढकलणारा पंप मात्र पेशीकडे नाही. ती आयन हलवते आणि पाणी मागोमाग येतं. यासाठी आपल्या पेशींच्या पटलात एक प्रथिन अहोरात्र राबत असतं. ते तीन सोडियम बाहेर टाकतं, दोन पोटॅशियम आत घेतं आणि दर खेपेला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चतं. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना ते ओळखलं. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या एका कामावर जातो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी, बाहेर जास्त. बाहेरचा सोडियम आत शिरायला टपलेला असतो, आणि त्याच्या या ओढीवर पेशी दुसरी कामं उरकून घेते.

त्यातलं एक काम लाखो लेकरांचे जीव वाचवणारं ठरलं. आतड्याच्या पेशींवर आणखी एक प्रथिन असतं. ते सोडियम आत घेतं, पण त्याच खेपेत ग्लुकोज सोबत असेल तरच. ही जोडी १९६० मध्ये जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी मांडली. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की त्यांच्या मागे पाणी जातं. कॉलऱ्याच्या विषामुळे आतड्याच्या पेशींतून क्लोराइड आणि त्यामागे पाणी धो धो बाहेर पडू लागतं, पण सोडियम-ग्लुकोज आत घेणारं हे प्रथिन कामावर हजर असतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावला शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेलं पाणी रुग्णांना तोंडानं पाजायला सुरुवात केली. नातेवाईकच ते पाजत होते. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं.

हीच आपल्याकडची जलसंजीवनी. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा. अशक्तपणा आलाय म्हणून मायेनं साखर वाढवली, किंवा जुलाब होत असताना गोड शीतपेय पाजलं, तर आतड्यातला द्रव रक्तापेक्षा दाट होतो. मग पाणी शरीरातून उलट आतड्यात येऊ लागतं, परातीतल्या काकडीसारखं.